भेट आणि वस्तु

मराठी भाषेंत ‘भेट’ या एकाच शब्दानें दोन गोष्टी सांगितल्या जातात. दोन माणसें एकमेकांस भेटतात ती भेट. आणि एकानें दुसऱ्यास प्रेमानें दिलेली वस्तु, तीहि भेटच. या दोहोंसाठीं निरनिराळे शब्द असावेत अशी गरज आपल्या पूर्वजांना भासली नाहीं. देव, गुरु आणि राजा यांच्या दर्शनास रित्या हातानें जाऊं नये, ही शिकवण त्यांच्या अंगवळणीं पडली होती. लहान मूल असलेल्या घरीं जातांना निदान खडीसाखरेची पुडी तरी बरोबर न्यावी, असा घरोघर रिवाज होता. वस्तु ही भेटीच्या पाठोपाठ येई. भेटीवांचून ती एकटी क्वचितच फिरे.

डिसेंबर महिना सरत आला, म्हणजे शहरांतील पुष्कळ कुटुंबांत, मग तीं ख्रिस्ती असोत वा नसोत, एक प्रश्न उपस्थित होतो : नाताळनिमित्त कोणास काय द्यावें? वरवर पाहतां हा प्रश्न दुकानाचा आणि खिशाचा वाटतो. किंचित् खोल पाहिलें तर तो ओळखीचा आहे असें दिसून येतें. ज्याला द्यावयाचें, तो माणूस आपणांस कितपत ठाऊक आहे, हाच त्यांतील खरा मुद्दा असतो. या प्रश्नाचा इतिहास शोधूं जातां ठाणें जिल्ह्यांतील भिवंडीसारखें दुसरें सोयीचें ठिकाण नाहीं. मुंबईच्या एकाद्या घरीं आज नाताळची भेट म्हणून जी पेटी दारांत येऊन पडते, ती बहुधा मुंबईहून आलेलीच नसते. मुंबई-आग्रा रस्त्याच्या आसपास माणकोली, काल्हेर, राहनाळ, दापोडें, वडपें अशा भिवंडी तालुक्यांतील गांवांच्या शिवारांत प्रचंड गोदामें उभीं राहिलीं आहेत. त्यांपैकीं एकाद्या गोदामांतून ती निघालेली असते. जेथें पूर्वीं भात पिके, तेथें आज देशभरच्या घरांत वांटल्या जाणाऱ्या भेटी रचून ठेवलेल्या असतात.

भिवंडीचा आणि देणगीचा संबंध मात्र या गोदामांहून फार जुना आहे. भिवंडी शहराच्या आग्नेयेस कांहीं मैलांवर लोनाड नांवाचें गांव आहे. तेथें शके ११०६ चा, म्हणजे इसवी सन ११८४ चा, शिलाहार राजा अपरादित्य याच्या कारकीर्दींतील शिलालेख सांपडला. शिलाहारांच्या काळच्या अशा दानशिळा उत्तर कोंकणांत ठिकठिकाणीं आहेत. त्यांच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. आकाशांत हीं दोन तेजें आहेत तोंवर हें दान चालावें, असा त्यांचा अर्थ. कांहींच्या तळाशीं दान मोडणाराविषयीं अभद्र शाप आणि गाढवाची आकृति असते. त्यांना लोक ‘गद्धेगाळ’ म्हणतात. देणाऱ्याला आपल्या दानाच्या रक्षणासाठीं शिव्याशापांची कुंपणें घालावीं लागलीं, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. असें दान पुण्यासाठीं असे, कीर्तीसाठीं असे. तें घेणाऱ्याच्या आवडीनिवडीशीं त्याला फारसें कर्तव्य नसे.

तथापि दानाचा विचार करणाऱ्या आपल्या शास्त्रकारांनीं एक शब्द असा ठेवून दिला आहे कीं, तो भेटीलाहि तंतोतंत लागू पडतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत सात्त्विक दानाचीं लक्षणें सांगतांना, परतफेडीची आशा न धरतां, योग्य स्थळीं, योग्य वेळीं आणि योग्य पात्रीं द्यावें, असा अभिप्राय दिलेला आहे. पात्र म्हणजे भांडें. भांड्याचा आकार पाहिल्यावांचून ओतूं गेलें, तर जें ओतावयाचें तें सांडून जातें. भेटीचें सारें शास्त्र या एका उपमेंत सामावलें आहे.

हें शास्त्र न वाचतांहि जाणणारीं माणसें भिवंडीच्या बाजारांत पिढ्यान् पिढ्या वावरलीं. सन १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानांतील मोमीन विणकरांचीं अनेक कुटुंबें परागंदा होऊन दक्षिणेकडे आलीं. कांहीं मालेगांवास राहिलीं, कांहीं भिवंडीस स्थिरावलीं. त्यांच्या हातमागांवर बायकांचीं लुगडीं विणलीं जात. महाराष्ट्रांत भेट या शब्दाबरोबर जें चित्र प्रथम डोळ्यांपुढें उभें राहतें, तें या लुगड्याचें. भाऊबीजेला बहिणीच्या ताटांत, लग्नांत मानाच्या आहेरांत, माहेरवाशिणीच्या पाठवणींत, सर्वत्र तेंच.

लुगडें घेणें ही सोपी गोष्ट नव्हे. घेणाऱ्या भावाला बहिणीविषयीं कितीतरी माहीत असावें लागे. ती भाताच्या खाचरांत उतरणारी आहे कीं शहरांतील चाळींत राहणारी. तिला जाडेंभरडें पण टिकाऊ वाण हवें कीं सणावारीं नेसण्यास मऊ सूत हवें. तिच्या घरीं सुतक आहे काय, तिच्या वयाला कोणता रंग शोभेल, तिच्या उंचीला आठ वार पुरतील कीं नऊ, आणि तिच्या जावेच्या डोळ्यांत खुपणार नाहीं असा कांठ कोणता. एवढ्या प्रश्नांचीं उत्तरें मनाशीं घोळवीत जो दुकानाच्या पायरीवर बसला, त्याची भेट लुगडें हातीं येण्यापूर्वींच अर्धी होऊन गेलेली असे. स्वस्त लुगडें घेऊनहि बहिणीच्या डोळ्यांत पाणी आणणारे भाऊ असत, आणि भरजरी घेऊनहि तिला परकें करणारे असत, तें याच कारणास्तव.

हिंदूंच्या भाऊबीजेचें जें रहस्य, तेंच शेजारच्या ख्रिस्ती समाजाच्या नाताळचें. मराठींतील ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आला आहे, आणि तो भिवंडीपासून फार दूर उतरला नाहीं. गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें सन १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली, आणि चिमाजीअप्पांनीं ती सन १७३९ मध्यें जिंकून घेतली. राज्य गेलें, तरी तेथील ख्रिस्ती प्रजा तेथेंच राहिली. तिची बोली मराठीच्या कुळांतली राहिली आणि तिचे सणहि राहिले. सन १६१६ मध्यें फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यांत छापलें गेलें आणि ख्रिस्तजन्माची कथा ओवीबद्ध होऊन मराठी माणसाच्या कानीं पडली. वसई, साष्टी आणि ठाणें या भागांतील जुन्या ख्रिस्ती रहिवाशांनीं सन १८८७ मध्यें आपली ‘ईस्ट इंडियन असोसिएशन’ ही संस्था काढली; त्यांना आज ईस्ट इंडियन म्हणतात तें तेव्हांपासून रूढ झालें.

या समाजांत आणि गोव्यांतहि नाताळची भेट म्हणजे दुकानांतून आणलेली वस्तु नव्हे, तर घरीं केलेल्या पक्वान्नांचें ताट. गोव्यांत त्याला ‘कोंसुआद’ म्हणतात, मंगळुराकडे ‘कुस्वार’. नाताळच्या आधींपासून घरांतील सर्व माणसें ओट्याभोंवतीं बसतात. कांट्याच्या उलट बाजूवर किंवा फणीवर कणकेचा गोळा वळून कुलकुल करावयाचे, नारळाच्या सारणाच्या नेवऱ्या भरावयाच्या, पेरूची घट्ट वडी थापावयाची, नारळाचा रस आणि गूळ तासन्‌तास आटवून दोदोल घोटावयाचें. मग ताटावर विणलेला रुमाल घालून घरचें मूल तें शेजाऱ्यांकडे घेऊन जातें, आणि शेजारीं हिंदु घर असलें तर प्रथम तेथें. त्या नेवऱ्या आपल्याच करंजीच्या बहिणी आहेत हें हिंदु गृहिणीला सांगावें लागत नाहीं. दिवाळींत तिनें पाठविलेल्या फराळाचें तें उत्तर असतें. ज्या घरीं कोणी दिवंगत झालें असेल, त्या घरीं त्या वर्षीं कांहीं केलें जात नाहीं. तेव्हां शेजाऱ्यांचीं ताटें अगत्यानें तेथें जातात. कोणाच्या घरीं चूल उदास आहे, हें ठाऊक असणें ही येथें भेटीची पहिली अट होय.

भेटीचा हा निर्मळ ओघ ज्या ठिकाणीं गढूळ झाला, तेंहि पाहिलें पाहिजे; कारण त्यावांचून आजच्या अडचणीचें मूळ समजणार नाहीं. इंग्रजी अमदानींत नाताळ हा साहेबाचा सण झाला आणि त्या दिवशीं साहेबाच्या बंगल्यावर ‘डाली’ नेण्याची चाल पडली. डाली म्हणजे टोपली. तिच्यांत फळें, फुलें, मिठाई, सुका मेवा मांडून ती हाताखालचे नोकर, कंत्राटदार, जमीनदार इत्यादि मंडळी साहेबापुढें ठेवीत. हा शब्द इंग्रजांच्या बोलण्यांत इतका रुळला कीं, सन १८८६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशांत त्याला जागा मिळाली. वरून संत्रीं, खालीं काय असेल तें देव जाणे, अशी त्या टोपलीची ख्याति होती.

डालीच्या मागें मोठा आणि कटु इतिहास होता. प्लासीच्या लढाईनंतर, सन १७५७ पासून सन १७६५ पर्यंतच्या अवघ्या आठ वर्षांत, कंपनीच्या नोकरांनीं बंगालच्या नबाबांकडून आणि त्यांच्या आश्रितांकडून ‘भेटी’ म्हणून जें उकळलें, त्याची बेरीज पुढें पार्लमेंटच्या चौकशी समितीनें केली, ती वीस लक्ष पौंडांहून अधिक भरली. सन १७६५ मध्यें भेटी न घेण्याचे करारनामे कंपनीच्या नोकरांकडून लिहून घेण्यांत आले. सन १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टानें तर गव्हर्नर-जनरलपासून खालपर्यंत सर्वांस भेटी घेण्याची कायद्यानें मनाई केली. पुढें गव्हर्नरांस मिळालेले नजराणे तोशाखान्यांत जमा होऊं लागले आणि त्यांच्या मोलाच्या परतभेटी सरकारांतून दिल्या जाऊं लागल्या. सरकारी नोकरांच्या वर्तनाच्या नियमांत फळें-फुलें यांसारख्या क्षुल्लक किमतीच्या वस्तूंपुरती तेवढी सवलत राहिली. त्या चिंचोळ्या फटींतून डाली पुन्हां बंगल्यांत शिरली.

डालींत वाईट काय होतें? संत्रीं वाईट नव्हतीं, टोपलीहि वाईट नव्हती. वाईट होतें तें हें कीं, देणाऱ्याला न देण्याची मोकळीक नव्हती. ज्याला ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं, त्याच्या ‘घ्या’ म्हणण्याला अर्थ उरत नाहीं. भेटीचें रूप घेऊन आलेला तो कर होता. आणि कर भरणारा माणूस घेणाऱ्याच्या आवडीचा विचार करीत नाहीं, तो शेजाऱ्यानें किती भरला एवढेंच पाहतो. आपल्या लग्नांतील आहेराची हीच गत झाली होती. कोणीं काय दिलें याची वही ठेवावयाची आणि पुढच्या कार्यांत ती उघडून तेवढ्याच किमतीचें परत करावयाचें, या हिशेबाला कंटाळूनच ‘आहेर स्वीकारला जाणार नाहीं’ अशी ओळ लग्नपत्रिकांवर छापण्याची चाल सुशिक्षितांत पडली.

हा अनुभव एकट्या हिंदुस्थानचा नाहीं. अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं मोठमोठ्या दुकानांत काम करणाऱ्या गरीब मुलींना नाताळच्या वेळीं आपल्यावरील अधिकाऱ्यांसाठीं वर्गणी काढून भेटी द्याव्या लागत. हातावर पोट असलेल्या मुलींना तो भार सोसत नसे. तेव्हां सन १९१२ मध्यें न्यूयॉर्क येथें ॲन मॉर्गन आणि एलिनॉर बेलमाँट या दोन प्रतिष्ठित स्त्रियांच्या पुढाकारानें ‘निरुपयोगी भेटी प्रतिबंधक मंडळ’ स्थापन झालें. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेहि त्याचे सभासद झाले. मंडळाचा कटाक्ष भेटींवर नव्हता, सक्तीवर होता. आमच्या डालीचें आणि तिकडच्या वर्गणीचें गोत्र एकच होतें, हें यावरून ध्यानांत येईल.

भेट ज्या गुणानें भेट ठरते, तो गुण ज्यांनीं ओळखला, त्यांच्या कथा निरनिराळ्या देशांत आश्चर्यकारक रीतीनें एकसारख्या आहेत. नाताळच्या देणग्यांशीं ज्यांचें नांव जोडलें जातें, ते संत निकोलस चौथ्या शतकांत आशिया मायनरमधील मायरा येथें बिशप होते. त्यांच्याविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, एका गरीब गृहस्थाच्या तीन मुलींचीं लग्नें पैशांवांचून अडलीं होतीं. निकोलसनें रात्रीच्या अंधारांत त्याच्या घरांत सोन्याच्या थैल्या टाकल्या आणि आपलें नांव कळूं दिलें नाहीं. त्यानें सोनें दिलें ही गोष्ट दुय्यम. त्या घराची नड त्याला ठाऊक होती, आणि तें घर ओशाळें होऊं नये याचीहि त्याला काळजी होती, ही मुख्य.

उलट बाजूनें पाहिलें, तर सुदाम्याची कथा आहे. श्रीकृष्णासारख्या मित्राकडे काय न्यावें, या विवंचनेंत त्याच्या पत्नीनें शेजारून मागून आणलेले पोहे फडक्यांत बांधून दिले. द्वारकेचें वैभव पाहून त्याला ते पुढें करण्याची लाज वाटली. ती पुरचुंडी श्रीकृष्णानें स्वतः ओढून घेतली आणि त्यांतले पोहे खाल्ले. भेट देण्याचें जसें एक कौशल्य आहे, तसें घेण्याचेंहि आहे, हें या कथेचें सार. किमतीचा उल्लेख न करतां, तुलना न करतां, देणाऱ्याचा संकोच जो काढून घेतो, तो भेट पूर्ण करतो.

येथें अशी शंका येईल कीं, भेट म्हणजे जर प्रत्यक्ष भेटणें, तर दूर असलेल्यांनीं काय करावें? पेशवाईच्या काळीं या शंकेचें उत्तर पत्रांनीं दिलें होतें. संक्रांतीला परगांवच्या आप्तांस, सरदारांस आणि वकिलांस पत्राबरोबर तीळ धाडीत, आणि ते पावल्याचें उत्तर येई. जासुदाच्या थैलींतून शेंकडों कोस गेलेले चिमूटभर तीळ! त्यांना बाजारांत मोल नव्हतें; पत्रांतील चार ओळींनीं त्यांना मोल आणलें. प्राचीन रोममध्येंहि डिसेंबरांतील शनीच्या उत्सवांत मेणबत्त्या आणि मातीच्या बाहुल्या एकमेकांस देत. पहिल्या शतकांतील कवि मार्शल यानें अशा भेटींबरोबर धाडण्यासाठीं दोन दोन ओळींच्या कवितांचें एक पुस्तकच रचलें. आपल्याकडे सन १८८० मध्यें टपालखात्यानें मनिऑर्डरी सुरू केल्या. पुढें मुंबईच्या गिरणींतला कोंकणी कामगार घरीं पैसे पाठवी, तेव्हां फॉर्माच्या तळाशीं मजकुरासाठीं सोडलेल्या अरुंद जागेंत तो आईची प्रकृति, बैलाचा पाय, धाकट्याची शाळा, सारें विचारून घेई. पोस्टमन पैसे मोजून देई, आणि घरचीं माणसें ती चिठ्ठी वाचून घेऊन जपून ठेवीत.

म्हणजे अंतर हा भेटीचा शत्रु नव्हे. शत्रु आहे तो निनांवीपणा. आणि येथें पुन्हां भिवंडीकडे वळावें लागतें.

भिवंडींत सन १९३० नंतर हातमागांच्या जागीं यंत्रमाग येऊं लागले. सन १९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर पुष्कळसें विणकाम तिकडे वळलें, आणि भिवंडी हें देशांतील यंत्रमागांचें एक प्रमुख केंद्र ठरलें. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दारांत, अशा तिच्या जागेमुळें तेथें गोदामेंहि वाढत गेलीं. सन २०१७ मध्यें जकात उठून वस्तु व सेवा कर आला, तरी तीं ओसरलीं नाहींत, उलट विस्तारलीं. आज घरबसल्या एका बोटानें मागणी नोंदवावी आणि भिवंडीच्या गोदामांतील एकाद्या कामगारानें फळीवरून वस्तु उचलून पेटींत बंद करावी, असा क्रम आहे. त्या कामगाराला पत्ता तेवढा ठाऊक असतो. मागणाऱ्याला वस्तु ठाऊक असते. घेणाऱ्याला पेटी मिळते. या तिघांत कोणीच कोणाला भेटत नाहीं.

याचा दोष गोदामाकडे जात नाहीं. भिवंडीच्या विणकरालाहि आपलें लुगडें कोणत्या बहिणीच्या अंगावर जाणार हें कधीं कळलें नव्हतें. तें जाणण्याचें काम भावाचें होतें, आणि तें त्यानें दुकानाच्या पायरीवर बसून केलें होतें. ती पायरी आतां राहिली नाहीं; काम मात्र राहिलें आहे. वर्षभरांत मित्राच्या तोंडून सहज निघालेली इच्छा ध्यानांत ठेवणें, म्हाताऱ्या मावशीचा चष्मा बदलला आहे हें आठवून मोठ्या टायपाचें पुस्तक निवडणें, नुकतीच नोकरी गेलेल्या भावाला परतफेडीचा ओझा वाटेल असें कांहीं न देणें, ज्या घरीं यंदा ताट भरलेलें नाहीं तेथें आपण होऊन ताट नेणें : हीं कामें कोणतेंहि गोदाम करूं शकत नाहीं आणि करणारहि नाहीं.

आणि एवढें करूनहि पेटीच धाडणें प्राप्त असेल, तर तिच्यांत आपल्या हातानें लिहिलेल्या चार ओळी तरी जाव्या. संक्रांतीच्या तिळांबरोबर जात असत तशा.